थरोब्रेड घोड्यांची पैदास

शर्यतीच्या या जातीची वंशनोंद इंग्लंडमध्ये १७९१ पासून ‘जनरल स्टड बुक’मध्ये ठेवली जाते. कृत्रिम रेतनातून झालेले शिंगरू त्या नोंदीत घेतले जात नाही. घोडी नराकडेच न्यावी लागते. उत्तर गोलार्धात वय १ जानेवारीपासून मोजतात. डिसेंबरअखेर जन्मलेले शिंगरू त्यामुळे काही दिवसांतच वर्षाचे ठरते, हा नियमाचा विक्षिप्तपणाच. म्हणून शिंगरू वर्षाच्या सुरुवातीला जन्मावे यासाठी हिवाळ्यात तबेल्यात रोज सुमारे १६ तास उजेड ठेवून घोडी लवकर माजावर आणतात. गर्भकाळ सुमारे ११ महिने. व्यायल्यावर वार तीन तासांत पडावी लागते. घोडीची प्रतिकारद्रव्ये वारेतून गर्भाला जवळजवळ मिळत नाहीत आणि शिंगराचे आतडे ती चिकातून साधारण पहिल्या दिवसापुरतीच शोषते. त्यामुळे पहिल्या काही तासांत चीक पाजणे अत्यावश्यक असते. सहाव्या महिन्याच्या सुमारास दूध तोडतात.