सोबत्याचे ऋण

१९६७ साली केंब्रिज येथे जोसेलिन बेल यांना पहिला स्पंदक आढळला. स्पंदक म्हणजे गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा. वयोमानाने तो मंदावत जातो, हा त्याचा स्वभावधर्म. त्या पहिल्याची एक फेरी १.३३ सेकंदांची होती.

१९८२ साली मात्र आरेसिबोच्या दुर्बिणीतून डोनाल्ड बॅकर, श्रीनिवास कुलकर्णी आदींना सेकंदाला ६४२ फेऱ्या घेणारा स्पंदक सापडला. कुलकर्णी यांचा जन्म कुरुंदवाडचा आणि शालेय शिक्षण हुबळीचे, म्हणून आम्हा सीमाभागातील वाचकांना या शोधाचे विशेष अगत्य. या ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र वृद्धासारखे क्षीण, वेग मात्र तरुणालाही लाजवणारा! त्याच वर्षी बंगळूरच्या राधाकृष्णन व श्रीनिवासन यांनी आणि स्वतंत्रपणे अल्पर व सहकाऱ्यांनी उलगडा मांडला: जोडीचा तारा फुगतो, त्याचे द्रव्य स्पंदकावर ओघळते आणि मंदावलेला म्हातारा पुन्हा वेग घेतो.

अडचण एकच होती. या स्पंदकाला सोबतीच नव्हता! १९८८ साली आपल्या सोबत्याचे प्रारणाने बाष्प करणारा दुसरा स्पंदक सापडला, तेव्हा सोबती नाहीसा होण्याची एक वाट दिसली. पुढे १९९८ साली द्रव्य झेलत सेकंदाला ४०१ फेऱ्या घेणारा तारा क्ष-किरणांत दिसला आणि सोळा वर्षांच्या अनुमानाला भक्कम पुरावा लाभला.

ज्याने बळ दिले, त्याचीच खूण पुसली जाते. इतिहास लिहिताना समोर नसलेल्याचीही चौकशी करावी, एवढाच बोध आम्ही घेतो.