काचेआडचे ऊन : पाळीव सरड्याच्या घराचा पूर्वेतिहास

पाळलेल्या सरड्यासाठी पेटी बांधताना आज सर्वांत आधी ठरवले जाते ते ऊब कोठून येईल आणि पेटीत कोठवर पोहोचेल हे. परंतु हा विचार बांधणीच्या मुळाशी येण्यास जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. १८२९ च्या सुमारास लंडनचे वैद्य नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड यांना बंद बाटलीतील ओलसर मातीत नेचे उगवलेले आढळले आणि त्यातून वनस्पतींसाठी बंदिस्त काचपेट्या बनू लागल्या. पुढे त्याच धर्तीच्या पेट्यांत बेडूक आणि सरडेही ठेवले जाऊ लागले. नेच्याला मानवणारी कोंडलेली दमट हवा कोरड्या प्रदेशातील सरड्याला मात्र घातक असते. १८८४ मध्ये योहान फॉन फिशर यांनी जर्मन भाषेत ‘टेरारियम’वर, म्हणजे जमिनीवरील जिवांच्या काचघरावर, स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तोवर हा छंद युरोपात चांगलाच रुजला होता.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ पासून सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी वेगळी इमारत होती. अशा प्रकारची ती जगातील पहिली मानली जाते. त्या काळात ऊब देण्याची साधने म्हणजे शेगडी, गरम पाण्याचे नळ, किंवा घरगुती पेटीखाली ठेवलेला तेलाचा दिवा. सरड्याचे शरीर स्वतः पुरेशी उष्णता निर्माण करीत नाही, ती त्याला बाहेरून घ्यावी लागते, आणि दिवसा हिंडणाऱ्या बहुतेक जातींना ती वरून, उन्हातून, मिळते. त्यामुळे खालून सारखी तापणारी पेटी उबदार असली, तरी त्यांच्या स्वभावाला अपुरीच पडत असे.

या बांधणीला खरे वळण दिले ते जोन बोशॅम्प प्रॉक्टर यांनी. १८९७ मध्ये जन्मलेल्या, आयुष्यभर आजाराशी झुंजणाऱ्या या विदुषी १९२३ मध्ये त्या संग्रहालयाच्या सरीसृप विभागाच्या प्रमुख झाल्या, आणि वास्तुविशारद एडवर्ड गाय डॉबर यांच्या साहाय्याने त्यांनी आखलेली नवी इमारत १९२७ मध्ये उभी राहिली. तेथे विजेच्या साहाय्याने निरनिराळ्या भागांत निरनिराळे तापमान राखता येत असे, आणि प्रेक्षकांची बाजू अंधारी ठेवून प्रकाश प्राण्यांच्या दालनांत दिलेला होता. घोरपडीच्याच कुळातील महाकाय कोमोडो ड्रॅगन त्याच वर्षी तेथे आले. त्यांपैकी ‘सुम्बावा’ प्रॉक्टर यांच्याजवळ इतका माणसाळला, की त्या त्याला सोबत घेऊन फिरत.

त्याहून दूरदृष्टीची निवड होती काचेची. अतिनील किरणांनी, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या सूर्यकिरणांनी, मुलांचा मुडदूस बरा होतो हे कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी बर्लिनमध्ये १९१९ मध्ये दाखवले होते. या किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या आधारे शरीर कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचवते. खिडकीची साधी काच मात्र नेमके हेच किरण अडवते. म्हणून प्रॉक्टर यांच्या इमारतीत ते आत येऊ देणारी ‘व्हिटा ग्लास’ बसवण्यात आली. लहान मुलांवरील उपचारातून निघालेले ज्ञान दहा वर्षांच्या आत सरड्यांच्या हाडांसाठी वापरले जावे, ही त्या काळाच्या मानाने विलक्षण गोष्ट होती. प्रॉक्टर १९३१ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, निवर्तल्या.

त्यांच्या बांधणीला पाठबळ देणारे शास्त्र नंतर आले. १९४४ मध्ये रेमंड कोल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी दाखवून दिले, की वाळवंटी सरडे ऊन आणि सावली यांत ये-जा करून आपल्या शरीराचे तापमान बऱ्याच अरुंद मर्यादेत राखतात. त्यानुसार पेटीत एकच ‘योग्य’ तापमान राखणे पुरेसे नव्हते. एका टोकाला तापलेला दगड, दुसऱ्या टोकाला गार आडोसा, आणि मध्ये चालून जाण्याइतकी लांबी आवश्यक ठरली. प्लायवूडची पेटी, तिला पुढून सरकती काच, एका बाजूस खाली आणि दुसऱ्या बाजूस वर हवेची भोके, ही आजची परिचित रचना याच गरजेला धरून आहे. अतिनील दिवा काचेच्या वर न ठेवता आत किंवा जाळीवर बसवतात, आणि जाळीही काही किरण अडवत असल्याने त्याचे अंतर पेटीच्या छतापासून नव्हे, तर सरडा ज्या दगडावर ऊन खात बसतो तेथील त्याच्या पाठीपासून मोजतात.