दार्सीचा नियम आणि रेझिनची वाट

* दार्सीचा नियम : आँरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपते हे दिजाँ येथे मोजले आणि त्यावरून निघालेला नियम १८५६मध्ये प्रसिद्ध केला. साच्यात रचलेल्या काचतंतूंच्या किंवा कार्बनतंतूंच्या थरांतून रेझिन (तंतूंना एकत्र बांधणारा, नंतर घट्ट होणारा द्रव) कसे पसरेल, याचे गणितही याच नियमावर उभे आहे. या नियमाचा एक परिणाम इथे सांगायलाच हवा : दाब कायम ठेवून एका टोकाने रेझिन सोडले, तर दुप्पट अंतर भिजायला चौपट वेळ लागतो. म्हणून पवनचक्कीचे लांब पाते अशा रीतीने बनवताना रेझिन अनेक ठिकाणांहून सोडतात. तंतूंचे थर आणि साचा यांत कडेला बारीकशी फट राहिली, तरी रेझिन तिकडून पुढे धावते, हवा मध्येच कोंडते आणि तंतू कोरडे राहतात. ही फट गणितात धरली नाही, तर उत्तर फसवे येते. — संपादक