आडव्या सायकलचा दूरचा पल्ला: प्रस्तावना

सायकलवरून दूरचा प्रवास करणाऱ्यांच्या गप्पा हटकून तीन दुखण्यांवर येतात: मानेला लागलेली रग, तळहातांना येणाऱ्या मुंग्या आणि बैठकीची सोललेली कातडी. रिकम्बंट, म्हणजे पाठ टेकून पाय पुढे लांबवून चालवायची सायकल, या तिन्हींतून बऱ्याच अंशी सुटका करते. म्हणून तिला आळशांची सायकल समजणे मात्र चूक. इथे वाचवलेले श्रम ती दुसरीकडे वसूल करते. कुठे आणि किती, हे समजून घेणे हाच या विषयाचा गाभा आहे.

विषय जुना आहे. फ्रान्समध्ये शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशा सायकलवर फ्रान्सिस फोर याने १९३३ मध्ये एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडले आणि ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा विक्रम मोडीत काढला. पुढच्याच वर्षी जागतिक सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलची व्याख्या अशी केली, की आडवी सायकल तिच्याबाहेर पडली. शर्यतीचे दार बंद झाले, तरी रस्ता मोकळाच होता. १९८३ मध्ये अमेरिकेतील स्टीव्हन रॉबर्ट्स अशाच सायकलवर छोटा संगणक घेऊन ओहायोतून निघाले आणि वाटेत लिखाण करत सुमारे १६,००० किलोमीटर फिरले. सायकल हेच त्यांचे घर आणि कार्यालय होते.

सपाट रस्त्यावर वेग वाढला की सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. आडवा स्वार वाऱ्याला कमी अंग देतो, म्हणून समोरून वारा असताना त्याचे फावते. चढ लागला की हिशेब उलटतो. पेडलवर उभे राहून अंगाचा भार टाकता येत नाही; पाठ बैठकीला रेटून सगळा जोर पायांनीच काढावा लागतो. त्यात सायकल जड आणि वेग कमी, त्यामुळे तोल राखणेही कठीण जाते. अगदी हलका गिअर लावून पाय भराभर फिरवणे हाच उपाय. तीनचाकी घेतली तर तोलाची चिंता मिटते, पण वजन आणि रुंदी वाढते.

सायकल सुरू करण्याची रीतही नव्याने शिकावी लागते. ब्रेक दाबून एक पाय वरच्या पेडलवर ठेवायचा, पाठ बैठकीला टेकवायची, ब्रेक सोडून एकच ठाम रेटा द्यायचा आणि दुसरा पाय लगेच उचलायचा. हँडल घट्ट आवळले की सायकल नागमोडी जाते. पेडल किती लांब ठेवायचे यावर गुडघ्यांचे भवितव्य ठरते: फार जवळ असतील तर गुडघ्याचा पुढचा भाग दुखतो, फार लांब असतील तर मागचा.

सामानाचेही शास्त्र आहे. पिशव्या बैठकीच्या मागे, शक्य तितक्या खाली आणि दोन्ही बाजूंना समतोल लावाव्यात. साखळी साध्या सायकलच्या दोन-तीन पट लांब असते आणि वाटेत कप्पीवरून वळते, तेव्हा जादा कड्या जवळ हव्यात. अनेक सायकलींचे पुढचे चाक लहान असते. तिथे ट्यूबही दोन मापांच्या घ्याव्या लागतात. मागे वळून पाहणे अवघड, म्हणून आरसा हवाच. ट्रक-बसच्या गर्दीत बुटक्या तीनचाकीवर उंच झेंडीही हवी.

पुढील प्रकरणांत हे मुद्दे विस्ताराने येतील. नवख्या वाचकाला आमचे एवढेच सांगणे आहे, की पहिले काही आठवडे जवळच फिरा. साध्या सायकलवर मुरलेल्या पायांनाही ही बैठक नवीच असते. आणि विकत घेण्याआधी ही सायकल चालवून पाहा, तीही चढावर.