लष्कराचा ट्रक, वारीची वाट

मोबाईलवर असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. हिरवा, उंच, चौकोनी नाकाचा जुना लष्करी ट्रक. मागच्या हौद्यावर लाकडी खोली, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. जर्मनीतलं एखादं जोडपं तो घेऊन सहारात किंवा मंगोलियात हिंडतंय. आमच्या वेळापुरातल्या चौघा-पाचजणांच्या ग्रुपवर दर महिन्याला असा एक व्हिडिओ येतो आणि खाली एकच प्रश्न असतो: वर्गणी काढून आपणही घ्यायचा का एक?

या प्रश्नामागे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा आपल्या रस्त्यांवरूनच गेला आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून जास्त जीप आणि पाच लाखांहून जास्त जीएमसीचे अडीच टनी ट्रक बनवले. कॅनडातल्या कारखान्यांनी सगळी मिळून आठ लाखांच्या आसपास लष्करी वाहनं दिली. 1945 मध्ये लढाई थांबली आणि प्रश्न पडला की या लोखंडाचं करायचं काय? परत नेण्याचं भाडं मालाच्या किमतीपेक्षा जास्त. भारतात अमेरिकनांचा जो माल पडून होता, त्याचा हिशेब मे 1946 च्या करारात मिटला आणि तो माल इथल्या सरकारकडे आला. सरकारने विक्रीसाठी खातं चालवलं. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द मराठीत आला तो तेव्हाच. डिस्पोजलचा तंबू, डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलचा ट्रक.

फिरायला जावं म्हणून कुणी हे ट्रक घेत नव्हतं. पोट भरण्यासाठी घ्यायचे. हौद्यावर फळ्या ठोकून मालवाहतूक, चेसिसवर लाकडी बॉडी बांधून प्रवासी. पुढचीही चाकं ओढणारा फोर-बाय-फोर गाळातून निघायचा, म्हणून मागे लोखंडी डोलकाठी बसवून त्याचा क्रेन व्हायचा. घाटात उलटलेली गाडी ओढायला येणारे ते राक्षसी, चपट्या नाकाचे क्रेन मागच्या पिढीतल्या प्रत्येक ड्रायव्हरला आठवतात. त्यातले कित्येक महायुद्धातले होते.

1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. सुरुवातीच्या ताफ्यात शेवरोलेट, बेडफर्ड, स्टुडबेकर, अल्बियन, लेलँड अशा दहा कंपन्यांच्या गाड्या होत्या. एवढ्या कंपन्यांचे स्पेअर पार्ट सांभाळणाऱ्या मेकॅनिकला हात जोडावेत. मिळेल ती गाडी पळवायची, हेच त्या काळाचं शहाणपण होतं.

तिकडे इंग्लंडमध्ये जुन्या वाहनांनी वेगळं वळण घेतलं. मॉरिस विल्क्सच्या शेतावर युद्धातली एक जुनी जीप होती. ती झिजल्यावर पुढे काय, या विचारातून 1948 मध्ये लँड रोव्हर आली. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत लष्कराचे जुने बेडफर्ड ट्रक घेऊन, त्यात बाकडी टाकून, लंडनहून काठमांडूपर्यंत तरुणांना नेणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, मग आपला वाघा. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट बंद पडली. ट्रकमधून जग बघायची हौस मात्र उरली.

गंमत म्हणजे रील्समधल्या त्या जर्मन ट्रकचा एक भाऊ आपल्याकडेच होता. मान या जर्मन कंपनीच्या परवान्याखाली 1959 पासून जबलपूरला शक्तिमान ट्रक बनू लागला. तो 1990 च्या दशकापर्यंत बनत राहिला आणि त्याने आपली फौज हिमालयात चढवली. त्याच कंपनीचा, त्याच काळातला ‘630’ हा ट्रक जर्मन सैन्यातून निवृत्त होऊन लोकांचं फिरतं घर झाला. आपला शक्तिमान निवृत्त झाला की बहुतेकदा भंगारात जातो. असं का?

मी कायदा वाचून काढला. लष्कराच्या गाडीला आरटीओचा नंबर नसतो. तिची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम 60 खाली लष्कराचेच अधिकारी करतात. गाडी संरक्षण खात्याच्या हातून सुटली की सामान्य नोंदणीचे नियम लागतात, म्हणजे कागद नव्याने उभे करायचे. त्यानंतर कलम 52: कंपनीने दिलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठणकावून सांगितलं. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी बंद झाली. लष्कराच्या खास कामाच्या गाड्यांना त्यातून सूट आहे, पण ती देशाच्या संरक्षणाचं काम करत असेपर्यंतच. लिलावात गाडी मिळणं हा सोपा भाग. ती रस्त्यावर आणणं हाच खरा घाट.

मग आपल्याकडे मोहिमेचा ट्रक नाहीच का? आषाढीच्या आधी वेळापुरात या. धावा करत माउलींची पालखी इथे मुक्कामाला येते, तेव्हा गावाभोवती शेकडो ट्रक उभे असतात. प्रत्येक दिंडीचा आपला ट्रक. त्यात तंबू, वळकट्या, पिठाची पोती, पातेली, गॅस, पाण्याचे पिंप. वारकरी पायी चालतात आणि ट्रक पुढे जाऊन पुढच्या मुक्कामी चूल पेटवतो. आळंदी ते पंढरपूर, जवळपास तीन आठवडे, लाखो माणसं. याहून मोठी ओव्हरलँड मोहीम जगात कुठे निघते ते मला सांगा.

या व्यवस्थेचं मूळही लष्करातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. घोडे आणि तंबू अंकलीच्या शितोळे सरदारांनी दिले. अंकलीहून अश्व आजही आळंदीला चालत येतात. दिंड्यांचे क्रमांक, कर्ण्याच्या तीन इशाऱ्यांवर निघणं, चोपदाराने दंड उंचावताच हजारोंनी गप्प होणं, ही छावणीची शिस्त आहे. मराठ्यांच्या लढाया संपल्या होत्या. फौजेचं शहाणपण उरलं होतं आणि ते भक्तीच्या कामाला लागलं.

म्हणून ग्रुपवर मी आता असं लिहिलंय: लिलावातल्या गाडीचे फोटो नंतर टाका, आधी तिचे कागद बघा. नोंदणी होणार असेल तरच वर्गणी. तोवर एखाद्या दिंडीच्या ट्रकवर तीन आठवडे हाताखाली काम करू. रोज उठून सामान बांधायचं, दोनशे माणसांचं पाणी भरायचं, चिखलात चाक रुतलं की काढायचं. हे जमलं तर शक्तिमान आपल्याला शोभेल.