घरी राहिलेल्या भगिनींसाठी

अलीकडच्या काळात आपल्या धर्मग्रामांतून पवित्र भूमीच्या यात्रेस जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. यात्रेकरू परत येतात ते जैतुनाच्या लाकडाचे क्रूस, जपमाळा आणि असंख्य छायाचित्रे घेऊन. आप्तेष्ट जमतात, छायाचित्रे भराभर नजरेखालून जातात आणि अर्ध्या तासात येरुशलेम संपते. जे जाऊ शकले नाहीत, त्यांच्या पदरी फारसे काही पडत नाही. पाहिलेले नीट सांगणे ही एक स्वतंत्र साधना आहे. ख्रिस्तसभेच्या इतिहासात ती साधना मोठ्या निष्ठेने करणाऱ्या एका स्त्रीची ओळख आपल्या वाचकांना असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

१८८४ साली इटलीतील आरेत्झो या शहरी गामुर्रिनी नावाच्या विद्वानाच्या हाती अकराव्या शतकातील एक हस्तलिखित आले. ते मॉन्ते कास्सिनोच्या सुप्रसिद्ध मठात नकलून काढलेले होते. त्यात संत हिलरी यांच्या काही लेखनासोबत एका प्रवासवर्णनाचा मधला भाग होता. आरंभीची पाने गहाळ, अखेरची पाने गहाळ, लेखिकेचे नाव कोठेच नाही. पुढे १९०३ साली फेरोतँ या बेनेडिक्टाइन धर्मगुरूंनी त्याचा धागा सातव्या शतकातील व्हालेरिअस या स्पॅनिश मठवासीयाच्या पत्राशी जुळवला. व्हालेरिअसने आपल्या बंधूंना लिहिताना जिच्या धैर्याची स्तुती केली होती, तीच ही यात्रेकरू. तिचे नाव एगेरिया. तिच्या प्रवासाचा काळ इ. स. ३८१ ते ३८४ असा आता बहुतेक अभ्यासक मानतात. ती पश्चिमेच्या महासागराकाठची, बहुधा स्पेनच्या वायव्येकडील गालिसिया प्रांताची. ती व्रतस्थ धर्मभगिनी होती की सुस्थितीतील धर्मपरायण गृहिणी, हा वाद अजून मिटलेला नाही. एवढे खरे की, ती ज्यांच्यासाठी लिहिते त्यांना ती वारंवार ‘भगिनी’ म्हणून हाक मारते, आणि त्या हाकेत औपचारिकतेपेक्षा जिव्हाळा अधिक आहे.

पवित्र भूमीच्या प्रवासाची याआधीची एक नोंद ३३३ सालची आहे. बोर्दो येथील एका यात्रेकरूने ती लिहिली. घोडे कोठे बदलले, मुक्काम कोठे पडला, अंतर किती, याची ती मुख्यतः यादीच आहे. वाटाड्याला ती उपयोगी पडेल, पण घरी बसलेल्याच्या डोळ्यांपुढे तिच्यातून फारसे काही उभे राहत नाही. एगेरियाच्या मनात मात्र सतत वाचणारी माणसे आहेत. सिनाय पर्वताविषयी ती सांगते की, तेथे गोगलगायीप्रमाणे वळसे घेत चढता येत नाही, भिंतीवर चढावे तसे सरळच चढावे लागते. आणि तेही पायी, कारण वाहन चालत नाही. फरात नदीचा वेग सांगताना ती आपल्या भगिनींना ठाऊक असलेल्या ऱ्होन नदीची उपमा देते. श्रोत्याच्या परिचयातील वस्तूवरून अपरिचित वस्तू समजावणे हे आपण प्रवचनकारांनीही शिकण्याजोगे आहे.

तिच्या लेखनातील मला सर्वात मोलाची वाटणारी जागा नबो पर्वताजवळची आहे. मोशेने जेथून वचनदत्त देश पाहिला त्या उंचीवरून स्थानिक धर्मगुरूंनी तिला लोटाच्या पत्नीचे स्थळ दाखवले. मिठाचा खांब पाहिल्याची बढाई मारणे किती सोपे होते! स्पेनमध्ये कोण तपासायला जाणार होते? पण ती भगिनींना स्पष्ट सांगते की, खांब तेथे दिसत नाही, केवळ जागा दाखवतात. आणि तो काही वर्षांपासून दिसेनासा झाल्याचे सोअरच्या बिशपांनीच आपल्याला सांगितले. भाविकपणा आणि खरेपणा यांत तिला कोठेही विरोध जाणवत नाही. हारान येथे तिने आब्राहामाच्या ऊर नगरीची चौकशी केली. तो प्रदेश इराणी सत्तेखाली असल्याने रोमन नागरिकांना तेथे जाता येत नाही, असे उत्तर मिळाले. तेही तिने तसेच लिहून ठेवले.

हारानला जाण्यापूर्वी ती एदेसा येथे आली होती. आज हे शहर तुर्कस्तानात असून उर्फा या नावाने ओळखले जाते. आपल्या, भारतीय ख्रिस्ती जनांच्या, दृष्टीने या मुक्कामाला वेगळे महत्त्व आहे, कारण एगेरिया तेथे गेली ती संत थॉमस यांच्या कबरीपुढे प्रार्थना करण्यासाठी. एका व्यापाऱ्याने प्रेषिताच्या अस्थी भारतातून एदेसा येथे आणल्याची परंपरा ३७३ साली निधन पावलेल्या संत एफ्रेम यांच्या स्तोत्रांत आढळते. एगेरिया भारताचे नाव घेत नाही. मात्र त्या मंदिरात आपण संत थॉमस यांच्यासंबंधी काही वाचन केले असे ती नोंदवते. ते वाचन ‘थॉमसची कृत्ये’ या प्राचीन ग्रंथातील असावे, असा तर्क केला जातो. तसे असेल तर, प्रेषिताच्या भारतयात्रेची कथा एका स्पॅनिश यात्रेकरू स्त्रीने त्यांच्याच कबरीपाशी वाचली असे म्हणावे लागेल. त्याच शहरी तिने आबगार राजाच्या पत्रव्यवहाराची प्रतही मिळवली. तशी प्रत घरी होती, पण ही अधिक विस्तृत असल्याचे ती आनंदाने कळवते. भगिनींसाठी नेण्याजोगी भेट म्हणून तिला सुचली ती ही!

येरुशलेममध्ये तिचे मुख्य वास्तव्य सुमारे तीन वर्षे होते आणि तेथील उपासनेचे तिचे वर्णन म्हणजे इतिहासाला लाभलेले मोठे धन आहे. पवित्र आठवड्याच्या आरंभीच्या रविवारी दुपारी सारे लोक जैतूनांच्या डोंगरावर जमत. सायंकाळी पाचच्या सुमारास डहाळ्या घेतलेल्या मुलांविषयीचे शुभवर्तमान वाचले जाई आणि मग सर्वजण पायी नगराकडे निघत. चालता न येणारी बालकेही आईबापांच्या खांद्यावर असत, आणि त्यांच्याही हाती खजुरीच्या वा जैतुनाच्या डहाळ्या असत. लोक थकू नयेत म्हणून मिरवणूक अगदी संथ चाले. आपल्या गावी झावळ्यांच्या रविवारी मुलांची जी लगबग उडते, तिचा सर्वात जुना तपशीलवार वृत्तान्त हा असा एका प्रवाशाच्या पत्रात सापडतो.

शुक्रवारी सकाळी क्रूसाच्या लाकडाचे दर्शन घेतले जाई. बिशप बसून ते लाकूड दोन्ही हातांनी घट्ट धरीत आणि भोवती डीकन पहारा देत. लोकांनी कपाळ टेकवावे, डोळे टेकवावे, चुंबन घ्यावे. हात मात्र लावू नये. कारण पूर्वी कोणीतरी चुंबनाच्या निमित्ताने लाकडाचा तुकडाच दातांनी तोडून नेला होता म्हणे. हे ‘म्हणे’ तिचेच आहे. ऐकीव ते ऐकीव म्हणूनच ती सांगते. दुपारी बारा ते तीन दुःखसहनाची वाचने चालत, तेव्हा लहानथोर सारे हुंदके देऊन रडत.

आणखी एक नोंद तर आजची वाटावी अशी आहे. बिशपांना सिरियाक येत असले तरी ते नेहमी ग्रीकमध्येच बोलत. एक धर्मगुरू शेजारी उभा राहून त्यांचे बोलणे सिरियाकमध्ये सांगे. लॅटिनवाचून ज्यांना काहीच समजत नसे त्यांनाही वाऱ्यावर सोडलेले नव्हते. दोन्ही भाषा जाणणारे बंधुभगिनी त्यांना समजावून देत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठीतून मिस्सा सुरू झाली तेव्हा ज्या वडीलधाऱ्यांना ते नवखे वाटले, त्यांना हे ठाऊक असते तर कदाचित दिलासा मिळाला असता.

अशा यात्रांविषयी त्या काळीही सर्वांचे मत अनुकूल नव्हते. निस्साचे संत ग्रेगरी त्याच सुमारास येरुशलेमला जाऊन आले आणि जागा बदलल्याने देव जवळ येत नाही, पवित्र नगरीतही पापाला तोटा नाही, असे त्यांनी बजावले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. एगेरियाच्या लेखनात ही काळी बाजू जवळजवळ नाही आणि ही तिची मर्यादा मान्य केली पाहिजे. मात्र ज्यांना कधीच जाता येणार नव्हते त्यांचा विचार ग्रेगरींपेक्षा एगेरियाने अधिक केला असे मला वाटते. ग्रेगरी त्यांना घरीच राहा म्हणतात. एगेरिया येरुशलेमच त्यांच्या घरी पोहोचवते.

परतीच्या वाटेवर सेल्युकिया येथे संत थेक्ला यांच्या मंदिरापाशी तिला मार्थाना ही जुनी मैत्रीण भेटली. दोघींची ओळख येरुशलेमला झाली होती. त्या भेटीचा आनंद किती झाला हे लिहिता येणार नाही, अशा अर्थाचे ती काही लिहिते आणि पुढे सरकते. कॉन्स्टँटिनोपलला पोहोचल्यावरही घरचा रस्ता धरण्याऐवजी संत योहानाच्या स्थानी, इफिससला, जाण्याचा बेत ती कळवते. आपण जिवंत असू वा नसू, स्मरण ठेवा, अशी भगिनींना विनवणी करते. त्यानंतर येरुशलेमच्या उपासनेचे वर्णन येते आणि अखेरीस तेथील मंदिरांच्या समर्पणाचा आठ दिवसांचा उत्सव. त्या समर्पणाशी आणि क्रूसाच्या शोधाशी जोडलेला सण आपण आजही १४ सप्टेंबरला पाळतो. उत्सवासाठी मेसोपोटेमिया, सिरिया आणि मिसर देशातून लोटलेल्या मठवासीयांची व सामान्य जनांची गर्दी ती सांगते, पहिल्या तीन दिवसांच्या मिरवणुका कोठे जातात ते सांगते, चौथ्या दिवसाकडे वळते, आणि तेथेच हस्तलिखिताचे उरलेले शेवटचे पान संपते.