एकाच क्रमांकाचे रंधे

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी आणि नाणी आपल्या डोळ्यांपुढे येतात. सुताराच्या पेटीतल्या रंध्याला त्या पंक्तीत कोणी बसवीत नाही. आज आम्ही श्रोत्यांपुढे तोच ठेवणार आहोत.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात न्यू ब्रिटन नावाचे शहर आहे. तेथील स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीने १८६९ साली लेनर्ड बेली याच्या रंध्यांची पेटंटे विकत घेतली आणि ओतीव लोखंडाचे रंधे क्रमांक देऊन बाजारात आणले. त्यांपैकी चार नंबरचा रंधा सफाईच्या कामाचा. लांबी सुमारे नऊ इंच, पाते दोन इंच रुंद. या क्रमांकाने तो शंभराहून अधिक वर्षे विकला गेला. क्रमांक एक, तेव्हा वस्तूही एकच, असे कोणालाही वाटेल. पण पन्नास वर्षांच्या अंतराने घडलेले दोन रंधे शेजारी ठेवले, की हा समज टिकत नाही.

१८८५ च्या सुमारास पाते डावी-उजवीकडे कलते करण्याची दांडी आली. १९०२ मध्ये पात्याखालच्या उतरत्या बैठकीची घडण बदलली आणि १९०७ च्या सुमारास ती मागेपुढे सरकवण्यासाठी स्क्रू बसविण्यात आला. पहिल्या महायुद्धानंतर पुढची बसकी मूठ उंच झाली. दुसऱ्या महायुद्धात पितळ दुर्मिळ झाले, तेव्हा पाते खालीवर करणारी पितळी चकती पोलादाची किंवा कठीण रबराची होऊ लागली. मुठीही ब्राझीलच्या शिसवाऐवजी रंग दिलेल्या साध्या लाकडाच्या झाल्या. रणांगणापासून दूर असलेल्या सुतारालाही ते युद्ध असे हाताला लागले.

या फरकांवरून अभ्यासकांनी रंध्यांचे प्रकार पाडले आहेत. ते उपयोगाचे आहेत. परंतु कारखाना काही त्या कोष्टकाप्रमाणे चालत नव्हता. नवा भाग निघाला म्हणून जुने भाग कोणी टाकून देत नसे. शिल्लक माल संपेपर्यंत वापरला जाई. म्हणून एकाच रंध्यात दोन काळांचे भाग सापडतात. अंगावर ओतलेली तारीखही फसवते. १९१० ची तारीख ही पेटंटाची होय. तो रंधा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी ओतलेला असू शकतो. शिवरायांचे नाव असलेली प्रत्येक शिवराई त्यांच्याच हयातीत पाडलेली नसते, तसेच हे आहे.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. रंधा कोष्टकात चपखल बसावा म्हणून काही हौशी लोक त्याचे 'चुकीचे' भाग काढून 'बरोबर' भाग बसवतात. परंतु तो विजोड भाग कारखान्यातच बसविलेला असेल, किंवा जुना मोडल्यावर एखाद्या सुताराने आपल्या कमाईतून घेतलेला असेल. तो काढला की कारखान्याची किंवा त्या माणसाची साक्ष पुसली जाते, आणि हातात उरतो तो कोणीही कधीच न वापरलेला रंधा.

कोष्टक वस्तूंवरून करावे. वस्तू कोष्टकावरून करू नये. घरातली जुनी हत्यारे मोडीत घालण्यापूर्वी किंवा घासूनपुसून नवी करण्यापूर्वी ती एकदा नीट पाहावीत, एवढीच आमची विनंती आहे.